विसावी नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार

सात प्रश्नचिन्हं! एका गठ्ठ्यात सात! गेल्या वर्षभरात एवढी आली नव्हती. आणि त्यातली तीन एकट्या हत्तींवर.

मी लिहिलं होतं — रानातले हत्ती एकमेकांना ठरावीक हाकेनं, म्हणजे जवळजवळ नावानंच, बोलावतात असं दिसतं. त्यावर समासात निळ्या पेन्सिलीनं: "असं दिसतं म्हणजे? बोलावतात का नाही?" अहो, दिसतं म्हणजे दिसतं! ज्यांनी रानात बसून आवाज टिपले, आकडेमोड केली, ते छातीठोक सांगत नाहीत, तर मी कोण सांगणार? पण बाहेरच्या वाचकाला कारणं चालत नाहीत. कळलं नाही की प्रश्नचिन्ह. अकरा वर्षं हेच चाललंय.

संस्थेचा नियमच आहे तसा. जगभरातले नवे शोधनिबंध मी वाचायचे — गणित, मुंग्या, तारे, मेंदू, जे येईल ते. प्रत्येकाचा वीस ओळींत सोपा गोषवारा करायचा. आणि पत्रिकेत छापण्याआधी तो संस्थेबाहेरच्या, विज्ञानाशी काडीचा संबंध नसलेल्या एका माणसाकडे जायचा. अडेल तिथं त्यानं खूण करायची. त्याचं नाव मला कळू द्यायचं नाही, माझं त्याला. गुरुवारी पाकीट जातं, सोमवारी परत येतं. कधीतरी शेवटी एक शब्द असतो — "बरं." मला तर खात्री आहे, कुणीतरी निवृत्त मास्तर असणार, खडूस. पण ते "बरं" मिळालं की माझा आठवडा सुखाचा जातो. छप्पन्न वर्षांच्या बाईनं हे कुणाला सांगावं!

साहेबांना हत्ती दाखवले. म्हणाले, "वाचकाचं बरोबर आहे. असं दिसतं, बहुधा, शक्यता आहे — काढा हो हे सगळं. लोक गोंधळतात." काढलं. आता हत्ती नावानं हाक मारतात, विषय संपला.

मला मात्र इथं कुणी नावानं हाक मारत नाही. तरुण मंडळी सोप्पंकाकू म्हणतात. "सोप्पंकाकू, आमचं पण सोप्पं करा ना!" आधी राग यायचा. आता वाटतं, काकू तर काकू. निदान हाक तरी मारतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

मुंग्यांचा निबंध वाचून झाला. जखमी मुंगीचा पाय बाकीच्या मुंग्या कुरतडून तोडतात, म्हणून ती जगते. एकटी राहिली तर बहुतेक वेळा मरते. घरी येऊन एकटीपुरती भाजी टाकली. करपली.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले होते. लिफ्ट बंद. तीन मजले चढताना गुडघ्यांनी सगळ्या देवांची आठवण करून दिली.

दादा चाळीस वर्षं लिफ्ट मेकॅनिक होता. कुठे लिफ्ट अडकली असं नुसतं कानावर आलं तरी हा भरल्या ताटावरून उठायचा. "आत माणसं आहेत का?" हा पहिला प्रश्न. चप्पल एका पायात, दुसरी हातात! आणि आज तो ज्या शुश्रूषागृहात पडलाय तिथलीच लिफ्ट वर्षातले आठ महिने बंद. नशीब तरी कशी थट्टा करतं.

दोन वर्षं झाली त्या मेंदूच्या झटक्याला. डोळे उघडे असतात. छताकडे. मी समोर वाकले तर माझ्यातून आरपार बघतो. आई-बाबा गेले तेव्हा मी नऊची, तो एकोणीसचा. मला वाढवण्यात त्याचं लग्न राहून गेलं. त्याचं राहिलं म्हणून मग मी माझंही मनावर घेतलं नाही. दोघं वेडेच. मी कॉलेजातून आले की संध्याकाळी तो विचारायचा, आज काय शिकलीस? मी सांगायचे. तो म्हणायचा, "पुन्हा सांग. सोपं करून." आजवर मला पगार मिळतोय तो त्या "सोपं करून"चाच म्हणायचा.

आधी मी जाऊन त्याच्याशी भरपूर बडबड करायचे. गेल्या जुलैत एक पोरगी त्याच्या डोक्याला तारांची टोपी घालून बसली होती. आमच्याच संस्थेच्या मेंदू विभागाची — त्यांच्या अभ्यासासाठी मीच सही दिली होती, पण ती नेमकी त्या दिवशी येणार हे विसरले. आत शिरले आणि बोलायला लागले. ती तोंडावर बोट ठेवून, "मॅडम, प्लीज! रेकॉर्डिंग चालू आहे." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पुढच्या रविवारी तोंड उघडलं आणि स्वतःचाच आवाज कसातरी वाटला. भिंतीशी बोलतोय असा. तेव्हापासून बोलतच नाही. पुस्तक नेते, दोन तास मनातल्या मनात वाचते, परत येते.

आज निघताना मेट्रननं फॉर्म हातात दिला. दादाला शांत विभागात हलवायचं म्हणतात. गावाबाहेर, दोन बस बदलून अडीच तास. ज्यांच्याकडून काहीच प्रतिसाद नाही असे रुग्ण तिथं. भेट महिन्यातून एकदा. "इथली खाट बऱ्या होणाऱ्यांना लागते हो ताई. तुम्ही समजून घ्या." एकतीस मार्चपर्यंत सही करून द्यायचा. खाली एक रकाना आहे — रुग्णाकडून प्रतिसाद जाणवल्याची नोंद, असल्यास. तिथं काही लिहिलं तर डॉक्टर पुन्हा तपासतील, तोवर हलवणार नाहीत.

काय लिहू तिथं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

त्या टोपीचा निबंध आला. बेचाळीस पानं.

एकोणीस रुग्ण, दादासारखेच. कानाशी आवाज लावले. घंटा, शब्द, परक्या आवाजात वाचलेली वाक्यं. मेंदूचा आलेख हलतो का बघितलं. नाही हलला. एकोणिसांतल्या एकाचाही नाही. निबंधात नावं नसतात, पण त्यात एक दादा आहे. कितवा, कोण जाणे.

तीनदा वाचलं. कागद पालथे घातले. पण खरं सांगू? थोडं हलकंही वाटलं. म्हणजे भिंतच होती ना ती! मी बोलत नाही म्हणून मनाला खात होतं, ते उगीच खात होतं.

गोषवारा अर्ध्या तासात झाला. इतक्या झटपट आजवर एकही झाला नाही. पहिलं वाक्य — "डोळे उघडे पण प्रतिसाद नाही अशा अवस्थेतल्या रुग्णांना आपलं बोलणं ऐकू येत नाही." ना बहुधा, ना असं दिसतं. साहेब खूश. "वा! याला म्हणतात वाक्य."

१७ फेब्रुवारी, सोमवार

पाकीट आलं. मुंग्यांवर दोन प्रश्नचिन्हं. गणितातल्या गाठींवर एक — दोन गाठी एकमेकींना जोडल्या तर त्या सोडवायला दोघींच्या बेरजेइतके फेरे लागतील असं वर्षानुवर्षं बरेच जण धरून चालले होते, कधी कधी कमी लागतात म्हणे. त्यावर: "एकत्र असल्या की लवकर सुटतात, असं?" हो, असंच!

मेंदूवर एकही नाही. त्यामागच्या दोन्हींवरही नाही. तीन गोषवारे कोरे करकरीत! जमलं म्हणायचं मला. नुसतं एक "बरं" टाकलं असतं तर काय झालं असतं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

पत्रिका छापून आली. मेंदूचं पहिल्या पानावर.

२३ फेब्रुवारी, रविवार

गेले नाही दादाकडे. पुस्तकच वाचायचं तर तीन जिने कशाला चढायचे?

फॉर्मवर सही केली. रकाना कोरा ठेवला. पर्समध्ये आहे, देईन. घाई काय आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

गठ्ठा कोरा. खाली फक्त सही, तीही नेहमीसारखी, वाचता न येणारी.

३ मार्च, सोमवार

पुन्हा कोरा. पेंग्विनांवर सुद्धा काही नाही! पिल्लं राखणारे पेंग्विन दिवसाला दहा हजार डुलक्या काढतात, एकेक चार सेकंदांची — यावर माणूस काहीच विचारत नाही? दहा हजार कुणी मोजल्या, हे तरी? अकरा वर्षांत असा आकडा त्यानं सोडलेला नाही.

मला करमत नाहीये. आज आवक-जावकच्या टेबलाजवळ उगीच दोन चकरा मारल्या. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, "काही पाठवायचंय का मॅडम?" म्हटलं नाही. काय पाठवणार? पाणी प्यायले आणि परत आले.

६ मार्च, गुरुवार

एक पाप केलंय. फरशीच्या गोषवाऱ्यात मुद्दाम एक वाक्य घुसडलंय. विषय असा की एकाच आकाराच्या फरशा लावत गेलं तर अख्खी जमीन भरते, पण नक्षीची पुनरावृत्ती कधीच होत नाही. त्यात मी लिहिलं — "ही फरशी दुपारी चार पायांवर उभी राहते आणि तिला फार उकडतं."

बघू या साहेब काय म्हणतात. साहेब म्हणजे बाहेरचे. आतले वाचतच नाहीत.

१० मार्च, सोमवार

परत आलं. फरशी चार पायांवर उभी आहे, तिला उकडतंय, आणि खाली सही ठसठशीत.

वाक्य मीच खोडलं. म्हणजे वाचतच नाहीये कुणी. अकरा वर्षं माझं एकेक वाक्य वाचणारा एक माणूस या जगात होता. मला वाटायचं, मी एकटी आहे. नव्हते हो! आता आहे.

१२ मार्च, बुधवार

रजा टाकली. घरी आणलेले जुने गठ्ठे जमिनीवर पसरले, तारखेप्रमाणे. शेजारीण साखर मागायला आली ती दारातूनच परत गेली. तिला वाटलं असेल, बाईचं डोकं फिरलं.

प्रश्नचिन्हं हळूहळू कमी झालेली नाहीत. कंटाळलेल्या माणसाची तशी होतात. ही एका जागी थांबली आहेत. सतरा फेब्रुवारीला आलेला गठ्ठा. मुंग्या — दोन. गाठी — एक. मग मेंदू. तिथून पुढे काही नाही.

तो गोषवारा पुन्हा वाचला. माझं ते शहाणं वाक्य. ऐकू येत नाही.

१३ मार्च, गुरुवार

मूळ निबंध काढला. पान एकतीस. शब्दशः उतरवते, म्हणजे पुन्हा पळवाट नको:

"या पद्धतीने आणि या आवाजांना प्रतिसाद मिळाल्याचा पुरावा आम्हाला आढळला नाही. यावरून रुग्णांना ऐकू येत नाही असा निष्कर्ष काढू नये."

काढू नये! लिहिलंय की हो तिथं स्वच्छ! आणि मी तीनदा वाचला होता हा निबंध. पुरावा मिळाला नाही, याचं "नाही" केलं मी. पहिल्या वर्षाच्या पोरालाही आम्ही ही चूक करू देत नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला मीच सांगते — किल्ली सापडली नाही म्हणजे किल्ली नाही, असं नसतं बाळा.

आणि ही चूक झाली कशी, तर मला ती हवी होती. साहेबांना दोष देऊन चालणार नाही. मला फॉर्मवर सही करायची होती.

त्याच पानावर बारीक अक्षरात तळटीप आहे. नोंदी वीस घेतल्या होत्या, एक बाहेरच्या अडथळ्यामुळे बाद केली. तीही मी तेव्हा वाचली नव्हती. तळटीप कोण वाचतं!

१४ मार्च, शुक्रवार

आवक-जावकच्या गृहस्थांना म्हटलं, बाहेरच्या वाचकाचा पत्ता हवा. "नियमात बसत नाही मॅडम." म्हटलं, मी अकरा वर्षांत तुमच्याकडे काही मागितलंय का? "नाही. चहा पण नाही घेत तुम्ही आमच्यात." मग त्यांनी नोंदवही माझ्यासमोर उघडी ठेवली आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. भला माणूस. चहा घेतला.

नाव एका बाईचं आहे. आणि मी इतकी वर्षं त्या खडूस मास्तरांशी मनातल्या मनात भांडतेय!

१५ मार्च, शनिवार

सगळं नीट लिहून ठेवते.

पत्ता एका दुकानाचा निघाला. कपडे आल्टर करून देतात — उंची कमी करणं, चेन बदलणं, अस्तर लावणं. आत एक टेलरमास्तर, सत्तरीचे, गळ्यात टेप, कानाला निळी पेन्सिल. खुणा करायची! ती बघितल्यावर माझे पायच थबकले. मागे दोन शिलाई मशिनं, एकावर चादर टाकलेली.

मी बाईंचं नाव घेतलं. मास्तरांनी मागच्या पडद्याकडे बोट केलं. "आत आहे. पण बोलणार नाही ती. दोन वर्षं झाली." पडद्याआड खाट होती. बाई स्वच्छ, वेणी घातलेली, डोळे उघडे. छताकडे. मी शेजारचं स्टूल ओढून बसले.

मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा, ते तुम्ही लिहिता होय! आम्हाला वाटायचं कुणी तरुण मुलगा असेल. उत्साही." हसू आलं आणि रडूही.

मग त्यांनी सांगितलं. वाचक त्याच. संस्थेची जाहिरात बघून त्यांनीच नाव दिलेलं. पण हात कायम मशिनवर, म्हणून वाचून मास्तर दाखवायचे, इस्त्री बाजूला ठेवून. त्या मशिन थांबवून विचारायच्या, "म्हणजे?" की मास्तर तिथं खूण करायचे. "मला काय कळतंय त्यातलं! प्रश्न सगळे तिचे." मी विचारलं, आणि ही दोन वर्षं? हत्तींवरचे तीन, गाठींवरचा तो एक? ते पेन्सिल काढून बोटांत फिरवायला लागले. "वाचून दाखवायचो की रोज. चाळीस वर्षं संसार केला, बाई. ती कुठे अडेल ते मला कळतं. तिनं इथं विचारलं असतं, वाटलं की खूण करायचो. वाटायचं, ऐकत असेल."

मग गठ्ठ्यात तिसरा कागद निघाला. तोही त्यांनी मोठ्यानंच वाचला. पहिलं वाक्य.

"तिच्यासमोर वाचला," म्हणाले. "मग ठेवून दिला खाली. शास्त्रानं सांगितलं म्हटल्यावर आपण कोण?" त्यानंतर वाचन बंद. बोलणंही बंद. महिना झाला. सह्या करून गठ्ठे परत पाठवायचे, तिचं नाव वहीतून जाऊ नये म्हणून.

मी सांगितलं, ते वाक्य चूक आहे. माझी चूक. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही.

ते उभे राहिले. "म्हणजे ऐकू येतं?"

"ते माहीत नाही."

"मग येत नाही?"

"तेही माहीत नाही, मास्तर. माहीत नाही एवढंच माहीत आहे."

"मग हे एवढंच लिहायचं होतं ना!" आवाज चढला त्यांचा. "माहीत नाही म्हणून लिहायला काय झालं होतं? मी त्यावर चाललो असतो की! दोन वर्षं त्यावरच तर चाललो होतो!" मग पडद्याकडे बघितलं. हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही या आता."

आले. दोन बस सोडल्या, चालत आले. मला सांगता आलं असतं त्यांना की माझाही एक आहे असाच, छताकडे बघणारा. नाही सांगितलं. कुठल्या तोंडानं सांगणार?

१७ मार्च, सोमवार

साहेब म्हणतात, "चूक कुठे आहे? सोपं केलंय तुम्ही." मी टेबलावर हात आपटला. त्यांचा पेनस्टँड पडला. "सोपं नाही केलं, खोटं केलं मी!" बाहेर सगळी मंडळी टायपिंग थांबवून ऐकत होती. शेवटी चार ओळींची दुरुस्ती छापायला तयार झाले, आतल्या पानावर. म्हटलं, पहिल्या पानावर. मिळालं पहिलं पान!

मेंदूवालीकडे गेले. तीच ती टोपीवाली पोरगी. म्हणाली, "काकू, मी तेव्हाच सांगणार होते. पण तुम्ही एवढं छान लिहिलं होतं." अगं बाई! तिला विचारलं, माझा भाऊ त्या एकोणिसांत कितवा? क्रमांक तिला सांगता येत नाही, पण पालक म्हणून मी त्याच्या नोंदीची प्रत मागू शकते. रीतसर अर्ज केला. आठ-दहा दिवस लागतील. सपाट रेषच असणार ती. पण एकदा डोळ्यांनी बघेन म्हणते, आणि मग फॉर्म देऊन टाकेन.

दुरुस्तीच्या चार ओळी लिहायला दोन दिवस लागतील असं दिसतंय.

२० मार्च, गुरुवार

लिहिली. शेवटचं वाक्य — "या रुग्णांना ऐकू येतं की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही." गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून पाठवली.

२३ मार्च, रविवार

दादाकडे. लिफ्ट बंदच.

आज बोलायचं असं ठरवून गेले होते. खुर्ची जवळ ओढली. "मी आलेय," म्हटलं. आठ महिने न बोलता काढले, आता कुठून सुरू करू? मुंग्या सांगू? गाठी सांगू? तो छताकडे बघत होता. शेजारच्या खाटेपाशी बसलेली मावशी माझ्याकडे बघत होती. मी पुस्तक उघडलं. भेकड आहे मी.

मेट्रननं जाताना आठवण केली, एकतीस तारीख.

२४ मार्च, सोमवार

अकरा! अकरा प्रश्नचिन्हं!

पहिलंच दुरुस्तीवर, त्या शेवटच्या वाक्यापाशी — "म्हणजे येतही असेल?" मग कोळ्यांवर तीन, ताऱ्यांवर चार, खारट पाण्यावर तीन. एका ठिकाणी पेन्सिल इतकी दाबली आहे की कागद फाटलाय. भांडली असणार बाई तिथं! आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात —

"बरं."

ऑफिसात रडायचं नसतं म्हणून स्टेशनरीच्या खोलीत जाऊन रडले. आवक-जावकचे गृहस्थ पेपरक्लिपा घ्यायला आले, मला बघितलं, दार लोटून बाहेर उभे राहिले. कुणाला आत येऊ दिलं नाही.

२९ मार्च, शनिवार

मेंदूवाली सकाळी स्वतः कागद घेऊन आली. दारातच उभी राहिली, खाली बघत. माझा भाऊ एकोणिसांत नव्हताच.

"नोंद क्रमांक वीस. १४ जुलै, दुपारी ४.१०. आलेखात अचानक मोठी उसळी. त्याच वेळी नातेवाईक महिला खोलीत येऊन मोठ्याने बोलत होत्या (लिफ्ट बंद असल्याबद्दल). बाहेरचा अडथळा. नोंद बाद."

"काकू, एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही हं," ती म्हणाली. "पापणी हलली तरी आलेख उसळतो." माहीत आहे गं पोरी. फॉर्मवरची सही खोडली. रकान्यात तारीख, वेळ, उसळी सगळं उतरवलं, आणि पुढे लिहिलं — ऐकतो, असं दिसतं.

रविवारची वाट बघणार नाही, आत्ताच निघते. लिफ्ट अजून बंद आहे. दादाला सांगायला हवं.